थेंबाचा हिशेब

चैत्र शुद्ध नवमी जवळ आली, की मानोरा, दिग्रस आणि पुसद या बाजूंनी वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीकडे येणाऱ्या रस्त्यांवर तांड्यातांड्यांतून निघालेल्या बंजारा कुटुंबांची जी रीघ लागते, तिच्यात मोटारी आणि बसगाड्या कितीही वाढल्या असल्या, तरी वर ताडपत्री बांधलेली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकराबाळांना पोटात घेऊन चालणारी ट्रॉली आणि तिला ओढणारा रंग उडालेला जुना ट्रॅक्टर आजही दृष्टीस पडतो. ज्या समाजाच्या पूर्वजांनी हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून, राजांच्या सैन्यांना रसद पुरवीत, निम्मा हिंदुस्थान पायांखाली घातला, आणि ज्याच्या सेवालाल महाराजांची समाधी या गावी आहे, त्या समाजाचे ओझे आज हे यंत्र वाहते आहे. जगदंबेचे आणि महाराजांचे दर्शन घेऊन हाच ट्रॅक्टर माघारी जातो, ट्रॉली सोडून नांगर जोडतो, आणि वैशाखाच्या उन्हात कापसाच्या व सोयाबीनच्या रानाची उन्हाळी नांगरट करू लागतो. म्हणून त्याच्या प्रकृतीची चिंता ही पोहरादेवीच्या परिसरात घरातल्या कर्त्या माणसाच्या प्रकृतीच्या चिंतेहून फारशी निराळी नसते.

अशाच एका यात्रेहून परतलेल्या आमच्या घरच्या ट्रॅक्टरखाली अंगणातल्या मातीवर एक काळा, ओलसर डाग दिसू लागला. प्रथम तो तळहाताएवढा होता. आठ दिवसांत ताटाएवढा झाला. इंजिनाच्या कुशीला बसविलेल्या डिझेल पंपाच्या अंगावरून एकेक थेंब निथळत होता, साधारण सेकंदाला एक या संथ गतीने, आणि त्या गतीमुळेच तो कोणाच्या मनावर बसत नव्हता. परंतु हिशेब मांडला तर तो थेंब क्षुल्लक राहत नाही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर आठ तासांच्या नांगरटीत २८,८०० थेंब, म्हणजे जवळजवळ दीड लिटर डिझेल जमिनीत जाते. लिटरला नव्वद रुपये धरले, तरी रोजचे सुमारे १३० रुपये, आणि चाळीस दिवसांच्या हंगामात पाच हजारांवर रुपये मातीत मुरतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या जमाखर्चात ही रक्कम बियाण्याच्या पिशव्यांत मोजली जाते.

या थेंबावर आम्हांला मिळालेले सल्ले दोनच प्रकारचे होते. कोणी म्हणाले, पंपच नवा टाका. कोणी म्हणाले, ट्रॅक्टरच काढून टाका आणि कर्ज घेऊन नवा आणा. दिग्रसच्या बाजूने आलेल्या एका वयोवृद्ध मिस्त्रींनी मात्र पंपाभोवती दोन वेळा फिरून, बोटाला लागलेले डिझेल हुंगून, माझ्या थोरल्या बंधूंना सांगितले, "दादा, पंप मेला नाई. त्याचं रबर मेलं हाय. पंप बदलाचं काई काम नाई." या एका वाक्यात जे ज्ञान, जो विवेक आणि जी सचोटी आहे, ती आपल्या तालुक्यांतून झपाट्याने लोप पावत आहे, आणि ती टिकविण्याची तजवीज शासनाने व समाजाने आता जाणूनबुजून केली पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

डिझेलचा पंप ही वस्तू किती सूक्ष्म आहे, याची कल्पना रोज तो वापरणाऱ्यालाही बहुधा नसते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ती नसते, तर दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा नेमक्या क्षणी उडवून तो पेटवावा लागतो. पस्तीस अश्वशक्तीचे तीन सिलिंडरांचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सहा लिटर डिझेल घेते असे मानले आणि त्याचे मिनिटाला दोन हजार फेरे धरले, तर तासाभरात एक लाख ऐंशी हजार वेळा फवारा उडतो, आणि प्रत्येक फवाऱ्याच्या वाट्याला एका थेंबाहूनही कमी, म्हणजे एक मिलिलिटरच्या तिसाव्या भागाएवढे इंधन येते. एवढेसे इंधन मोजून घ्यायचे, त्यावर वातावरणाच्या पावणेदोनशे-दोनशे पट दाब आणायचा, आणि सेकंदाच्या काही सहस्रांशांत ते नोझलच्या सुईएवढ्या छिद्रांतून सोडून लगेच थांबवायचे, हे कार्य पंपातील प्लंजर आणि बॅरल यांची जोडी करते, जिला आमच्याकडे एलिमेंट म्हणतात. प्लंजर आणि बॅरल यांच्यातील अंतर दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. या दोहोंना एकमेकांवर घासून जोडीने घडविलेले असते, आणि एका जोडीतील प्लंजर दुसऱ्या जोडीच्या बॅरलमध्ये घालू नये, हा या विद्येचा पहिला दंडक आहे. प्लंजरवर एक तिरकी खाच असते. रॅक नावाची दातेरी पट्टी त्याला किंचित फिरविते आणि त्या खाचेच्या स्थानावरून किती इंधन जावे हे ठरते. शेतकरी पायाने किंवा हाताने ॲक्सिलरेटर दाबतो, तेव्हा तो गव्हर्नरच्या मार्फत याच पट्टीला हुकूम देत असतो.

अशा यंत्राला गळती लागली, तर ती कोठून आहे हे प्रथम निश्चित करावे लागते. आणि येथेच कुशल कारागीर व नुसता पाना फिरविणारा यांच्यातील भेद दिसतो. आमच्या मिस्त्रींनी एकही नट सैल करण्यापूर्वी पंप डिझेलने आणि ब्रशने स्वच्छ धुतला, कापडाने कोरडा केला, आणि त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरविली. इंजिन पाच मिनिटे चालविताच त्या पांढऱ्या पुडीवर ओल जेथून प्रथम उमटली, ती जागा डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या होल्डरची, म्हणजे पंपाच्या माथ्यावरची होती. खाली निथळणारा थेंब तेथूनच अंगावरून ओघळत येत होता. मग त्यांनी ऑइलची पट्टी बाहेर काढली. ऑइलची पातळी खुणेच्या वर गेली होती आणि त्याला डिझेलचा वास येत होता. बाहेरची गळती डोळ्यांना दिसते. परंतु प्लंजरच्या कडेने झिरपलेले डिझेल पंपाच्या तळातील तेलात आणि तेथून शाफ्टच्या थकलेल्या सीलमधून इंजिनाच्या ऑइलात उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंग जळतात. सकाळी ट्रॅक्टर चालू होण्यास वेळ लागत होता, त्याचेही कारण हेच होते: ज्या वाटेने डिझेल बाहेर येते, त्याच वाटेने इंजिन उभे असताना हवा आत शिरते. बाहेरच्या एका थेंबाच्या पाठीमागे इतकी कैफियत दडलेली होती.

पंप काढण्यापूर्वी त्यांनी फ्लँजवर आणि इंजिनाच्या अंगावर मिळून एक खूण छिन्नीने पाडली, कारण पंप पुन्हा बसविताना तीच खूण जुळली नाही तर फवारा अवेळी उडतो. सर्व पाइपांची तोंडे स्वच्छ कापडाने बांधली. रानातल्या धुळीचा एक कण प्लंजरला कायमचा ओरखडा पाडण्यास पुरेसा असतो. पंप दिग्रसला नेऊन टेस्ट बेंचवर बसविला गेला. हे बेंच म्हणजे ठरलेल्या गतीने पंप फिरविणारी मोटर आणि तिच्यासमोर ओळीने लावलेल्या मोजमापाच्या काचनळ्या. प्रत्येक एलिमेंट शंभर-दोनशे फवाऱ्यांत किती इंधन देतो ते या नळ्यांत दिसते आणि सर्व नळ्यांतील पातळी सारखी येईपर्यंत रॅकवरची जुळवाजुळव करावी लागते. याला ते कॅलिब्रेशन म्हणतात. आमच्या पंपाचे दोन एलिमेंट उत्तम निघाले, एक झिजलेला निघाला. तो एक बदलला. सर्व ओ-रिंगा, ऑइल सील आणि तांब्याचे वायसर नवे घातले. जो खर्च झाला, तो नव्या पंपाच्या किमतीचा अल्पांश होता.

या दुरुस्तीत मला एक गोष्ट नव्याने समजली आणि ती प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरच्या मालकाला कळावी अशी आहे. पंपाचे रबर केवळ वयाने मरत नाही. भारतात डिझेलमधील गंधकाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले. भारत स्टेज तीनच्या इंधनात ते दशलक्षात ३५० भाग होते, चारमध्ये ५० झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या भारत स्टेज सहाच्या इंधनात ते १० वर आले. हवा स्वच्छ राहण्याच्या दृष्टीने हा निर्णय सर्वथा योग्य आहे आणि त्याविषयी तक्रार नाही. परंतु गंधक काढणाऱ्या प्रक्रियेत जुन्या डिझेलमधील जे इतर घटक कमी होतात, त्यांच्यामुळे जुने नायट्राइल रबर फुगून घट्ट बसलेले असे. नव्या डिझेलमध्ये ते आकसते, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आधीच कडक झाले असेल तर आपली जागा सोडते. त्या घटकांबरोबर जो स्निग्धपणा जातो, तो भरून काढण्यासाठी तेल कंपन्या इंधनात पूरक द्रव्य मिसळतात. पण आकसलेल्या रबराला त्याचा उपयोग नाही. त्याला उपाय एकच, नव्या इंधनाला टिकणाऱ्या फ्लुओरो रबराच्या, बाजारात ज्यांना विटॉन म्हणतात, त्या ओ-रिंगा आणि सील बसविणे. ज्या शेतकऱ्याला हे कोणी सांगत नाही, तो पंपाला नालायक ठरवून भंगारात देतो.

या यंत्राचा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले, तेव्हा त्यात इंधन फुंकण्यासाठी दाबलेल्या हवेचा अवजड संच लागत असे, आणि म्हणून ते कारखान्यात वा जहाजावरच शोभत होते. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये इंधनाचा पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे हे इंजिन ट्रकमध्ये आणि पुढे नांगरापुढे येऊन उभे राहिले. याच विद्येचा भारतातील कारखाना मायको या नावाने १९५१ मध्ये बंगळूरला निघाला आणि नंतर आपल्या नाशिकच्या सातपूरलाही त्याची शाखा येऊन नोझल व इंजेक्टर बनू लागले. १९६३ मध्ये मुंबईत महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्याने ट्रॅक्टरची कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, पोहरादेवीपासून फार दूर नसलेल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांची जयंती १ जुलैला आपण कृषी दिन म्हणून पाळतो. त्या कालखंडात संकरित ज्वारी, खत आणि यंत्र ही तिन्ही शेतापर्यंत पोहोचली; यंत्राच्या दुरुस्तीची विद्या मात्र कोणी योजनेने पोहोचविली नाही. ती गॅरेजच्या ओट्यावर बसून, उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत, शागिर्दांनी स्वतःच मिळविली.

आता ते उस्ताद वृद्ध झाले आहेत आणि त्यांच्या हाताखाली कोणी बसत नाही. मुले या कामाला हलके समजतात. ज्या हातांना डिझेलचा वास येतो त्या हातांना मुलगी देण्यास कुटुंबे कचरतात. दुसरीकडे, १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कठोर निकष लागू झाले आणि त्यांत विजेच्या संवेदकांवर व संगणकावर चालणारी इंधनप्रणाली आली, जिचा दोष पाहण्यासाठी कंपनीचेच उपकरण लागते. त्याहून लहान ट्रॅक्टर, जे आपल्या तालुक्यांतील बहुसंख्य शेतकऱ्यांकडे आहेत, ते अद्याप जुन्या यांत्रिक पंपावर चालू आहेत. म्हणजे पुढची पंधरावीस वर्षे तरी या जुन्या विद्येची गरज संपणारी नाही, आणि ती जाणणारी माणसे मात्र त्यापूर्वी संपणार आहेत.

याला प्रामाणिक आक्षेप घेता येतो, की जुना ट्रॅक्टर धूर सोडतो, अधिक इंधन खातो, आणि त्याला जिवंत ठेवण्यापेक्षा मोडीत काढणेच हितावह. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याने नवा घेणे सुकर झाले आहे. करकपातीचे मी स्वागत करतो, आणि ज्याच्या इंजिनाचा ब्लॉकच तडकला आहे त्याने तो ट्रॅक्टर सोडून द्यावा, हेही मान्य करतो. परंतु काळा धूर हा बहुतेक वेळी वयाचा नसून बिघडलेल्या पंपाचा आणि नोझलचा असतो. कॅलिब्रेशन नीट झाले, की धूर आणि इंधन दोन्ही कमी होतात. आणि चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या भरवशावर कित्येक लाखांचे कर्ज काढणे म्हणजे पाऊस वेळेवर येईल याला स्वतःच जामीन राहण्यासारखे आहे. विदर्भातील शेतकऱ्याच्या कर्जाची जी दुःखद कहाणी आपण तीस वर्षे ऐकत आहोत, तिच्यात भर घालण्याऐवजी काही हजारांत पंप बरा होत असेल, तर तो बरा करणे हाच शहाणपणा आहे.

म्हणून माझे मागणे स्पष्ट शब्दांत मांडतो. वाशीम जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे अभ्यासक्रम चालवून भागणार नाही; प्रत्येक दोन-तीन तालुक्यांमागे अशा एका संस्थेत चालू स्थितीतले टेस्ट बेंच असावे आणि ते चैत्र-वैशाखात, पेरणीपूर्वी, शेतकऱ्यांना माफक शुल्कात खुले असावे, म्हणजे मुलांचे हात वळतील आणि पंपही बरे होतील. ज्या वृद्ध मिस्त्रींकडे सनद नाही पण विद्या आहे, त्यांना मानधन देऊन तेथे शिकविण्यास बोलवावे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि तिच्या कक्षेत शेतीची अवजारे घेतली. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला आपले यंत्र स्वतः दुरुस्त करता यावे असा कायदाच केला. आपल्याकडेही उत्पादकांनी सुटे भाग, जुळवणीचे आकडे आणि मार्गदर्शिका मराठीतून उपलब्ध करणे बंधनकारक व्हावे. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये नगाऱ्याच्या आकाराचे भव्य बंजारा वारसा संग्रहालय उभे राहिले, याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. ज्या समाजाने बैलांचे खूर, गोण्यांची शिवण आणि वाटेतले प्रत्येक मोडलेले साहित्य स्वतःच्या हातांनी सांधीत शेकडो कोसांचा प्रवास केला, त्याच्या वारशात सांधण्याची ही विद्याही येते, आणि ती काचेच्या कपाटात नव्हे, तर तरुणांच्या हातांत ठेवावी लागते.

शेतकऱ्याकडेही काही जबाबदारी येते. कॅनमधले डिझेल गाळून आणि पाणी खाली बसू देऊन भरावे. फिल्टर वेळेवर बदलावा. ऑइलची पट्टी रोज पाहावी, आणि पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. गळतीवर साबण वा लांबी चोपडून दिवस ढकलू नयेत. आणि उच्च दाबाच्या पाइपाची गळती कधीही बोटाने चाचपू नये; तो फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि वरून टाचणीएवढी दिसणारी जखम तातडीच्या शस्त्रक्रियेविना हात घेऊ शकते. गळती पाहायची तर पुठ्ठा पुढे धरावा.

पंप परत आला त्या संध्याकाळी मिस्त्रींनी तो खुणेवर बसविला, पहिल्या सिलिंडरच्या होल्डरवर वाकडी नळी लावून फ्लायव्हील हळूहळू फिरवीत थेंब नेमका कोणत्या क्षणी थांबतो ते पाहिले, आणि टायमिंग निश्चित केले. मग ते बाजूला झाले आणि माझ्या पुतण्याला म्हणाले, "हवा तू काढ." त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर दाबला, प्रथम फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड, स्वच्छ धार. स्क्रू घट्ट झाला, इंजिन लागले, आणि आम्ही सर्व जण कंदील घेऊन पंपाशी वाकलो. त्यावर पुन्हा भुरभुरविलेली खडूची पूड अर्ध्या तासानंतरही कोरडी होती. मिस्त्रींनी कडक झालेली जुनी रबरी कडी शिरस्त्याप्रमाणे मालकाच्या, म्हणजे दादांच्या हाती दिली. दादांनी ती पुतण्याच्या तळहातावर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा तिच्या मापाची चौकशी करीत आपण होऊन दिग्रसला गेला. असे मुलगे आपल्या तालुक्यात अजून आहेत. त्यांना शिकायला जागा मिळावी, एवढेच मागणे आहे.